वनखात्याकडून पीक नुकसानीचा डेटा आरटीआयमध्ये कसा काढावा?

तालुका_वार्ताहर (यवतमाळ जिल्हा)
राजेहो, मदत पाह्यजे. आमच्या भागात रोही (नीलगाय) अन् रानडुकरं कापूस-तूर साफ करून रायले, लोकं भरपाईचे अर्ज देतात, पंचनामे होतात, पण पैसा कोणाले भेटला अन् कोणाचा अर्ज पडून हाय ते कोणी सांगत नाही. मले यावर बातमी करायची हाय, दोन-चार शेतकऱ्यांच्या बोलण्यावर नाही, पूर्ण आकड्यांवर. म्हणून एका वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज टाकला, मागच्या पाच वर्षांचे अर्ज किती, मंजूर किती, नामंजूर काहून, पैसा किती दिवसानं देला, सगळं गाववार द्या म्हणून. उत्तर आलं, माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही, अन् लाभार्थ्यांची नावं वैयक्तिक माहिती हाय. आता अपील करू का नवीन अर्ज? पेपरच्या लेटरहेडवर टाकला तं फरक पडन का?

वर्धेकर
लेटरहेड बिलकुल नको. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ३ मध्ये हा हक्क नागरिकाला आहे, पेपर किंवा संस्थेच्या नावाने अर्ज गेला की फेटाळायला आयतंच कारण मिळते. साध्या कागदावर स्वतःच्या नावाने द्या, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा. माहिती कशाला पाहिजे ते लिहूच नका, कलम ६(२) प्रमाणे ते विचारता येत नाही, पत्रकार आहो हेही सांगायची गरज नाही.

जिल्हा_पान (अमरावती)
भाऊ, "संकलित नाही" या उत्तरावर भांडण्यात वेळ घालवू नका. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या केसमध्ये स्पष्ट म्हटलं आहे की जे रेकॉर्ड ऑफिसात आहे ते द्यायचं, अर्जदारासाठी नवीन तक्ता तयार करून द्यायची जबाबदारी त्यांच्यावर नाही. म्हणून तक्ता मागायचाच नाही, तक्ता आपण बनवायचा, पत्रकाराचं खरं काम तिथंच आहे. मागायचं ते मूळ रेकॉर्ड म्हणजे भरपाईच्या अर्जांची आवक नोंदवही, पंचनामे, मंजुरी आणि नामंजुरीचे आदेश, पेमेंटची नोंद. अर्ज कोणत्या तारखेला आला आणि पैसे कोणत्या तारखेला गेले या दोन तारखा हातात आल्या की उशीर किती झाला ते आपल्यालाच काढता येते, अधिकाऱ्याला विचारायचं कामच नाही.

नोंदवहीचं नेमकं नाव माहीत नसेल तर आधी त्या ऑफिसची कलम ४ ची माहिती पहा, आपल्याकडं कोणकोणती कागदपत्रं आहेत ते त्यांनी स्वतःहून जाहीर करायचं असते, तेच नाव अर्जात जसंच्या तसं टाका. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय अन् १५० शब्द, त्यामुळं वनखात्यासोबत पीक विमा, महसूल असं काही घुसवू नका. कॉम्प्युटरवर नोंद असेल तर सॉफ्ट कॉपी मागा, कलम ७(९) सांगते की ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात सहसा द्यावी लागते. आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे अवलोकन मागा. पाच वर्षांच्या झेरॉक्सला पानामागं २ रुपये भरण्यापेक्षा जाऊन बसा, रजिस्टर चाळा, टिपणं काढा, तो हक्क कायद्यातच आहे, मग जी पानं लागतात तेवढ्याच प्रमाणित प्रती घ्या.

झाडीपट्टी
नावांचं सांगतो. वैयक्तिक माहिती नाकारायचं कलम म्हणजे ८(१)(जे), त्यात आधी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा कारण नसताना खाजगी आयुष्यात घुसणारी माहितीच नाकारता येत होती, अन् जी माहिती विधानसभेला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारू नये असंही लिहिलं होतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ते सगळं काढलं, आता सरळ "वैयक्तिक माहिती" एवढंच. गावखेड्यात योजनांचा पैसा कुठं गेला हे शोधणाऱ्या प्रत्येकाचं यात नुकसान आहे, मला हा बदल अजिबात पटत नाही. पण ८(२) अजून आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, ते अपिलात जरूर मांडा. अन् कलम १० प्रमाणे नावं झाकून बाकीचं द्या म्हणा. तुमच्या बातमीला गाव, पीक, तारखा अन् रक्कम पुरते. गट नंबर भेटला तरी छापू नका, लहान गावात त्यावरून माणूस लगेच ओळखू येतो.

तालुका_वार्ताहर
लय धन्यवाद. मंग नावांसाठी अपील अन् रजिस्टरसाठी नवीन अर्ज, दोन्ही संगच टाकतो. अपिलाले किती दिवस भेटतात?

जिल्हा_पान
उत्तर मिळाल्यापासून ३० दिवस, जोडपत्र ब म्हणजे अपिलाचा नमुना, २० रुपयांचं स्टॅम्प. अपील कोणाकडं करायचं ते त्यांनी उत्तरातच लिहायला पाहिजे. तिथं नाही जमलं तर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडं, पण तिथं नंबर लागायला फार वेळ लागते, म्हणून भर नवीन अर्जावर द्या. आणि पोच घ्याच, ३० दिवस उलटले तर कलम ७(६) प्रमाणे प्रती फुकट द्याव्या लागतात.

तालुका_वार्ताहर
ठीक हाय. रजिस्टर भेटलं का नावं काढून एक्सेल इथंच टाकतो. दुसऱ्या तालुक्यात कोणाले हाच अर्ज टाकायचा असन तं सांगा, कॉलम सारखे ठेवू म्हणजे जिल्ह्याचं एकत्र जोडता येईन.