मदत हवी आहे: पोर्टलवर शिष्यवृत्तीचे पैसे दिले दाखवते, बहिणीच्या खात्यात एक रुपया नाही

दारव्हेकर_दादा:

नमस्कार मंडळी. थोडं लंबं होईल पण पूर्ण वाचजा, कारण अर्धं वाचून लोक भलतंच सांगतात आणि आता आमच्याजवळ भलतं करून पाहायले वेळ नाही.

लहान बहीण अमरावतीले इंजिनिअरिंगला आहे, दुसरं वर्ष. कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीतून, नंबर लागला, आम्ही अनुसूचित जातीतले, तिची जातीची व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र) आहे, उत्पन्नाचा दाखला तहसीलचा आहे आणि अडीच लाखाच्या आतच आहे, तीन एकर कोरडवाहूत पऱ्हाटी अन् तूर, त्यात अडीच लाख कुठून येतील. पहिल्या वर्षी महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा फॉर्म वेळेवर भरला, कॉलेजातून पुढे गेला, समाज कल्याणमधून मंजूर झाला, आता स्टेटसमध्ये पैसे दिले असं येऊन राहिलं. पण पासबुकात एन्ट्रीच नाही. बँकेत विचारलं तर म्हणतात तुमचं आधार लिंक आहे, आमच्याकडून काही अडचण नाही. कॉलेजात विचारलं तर म्हणतात सरकारनं पैसे तुमच्याकडे टाकले, आमची फी आणा, नाही तर परीक्षेचा फॉर्म घेत नाही. फॉर्मची तारीख जवळ आली. बाबा तुरीवर उचल घेतो म्हणतात, म्हणजे सावकारच. मी त्यांना आठवडाभर थांबा म्हटलं आहे आणि म्हणून इथं विचारून राहिलो.

तर पैसे गेले कुठं हे कसं पाहायचं? कॉलेजले असा फॉर्म अडवता येते का? आणि तिसरं, तिला सरकारी वसतिगृहात जागा भेटली नाही, तीन पोरींनी मिळून रूम केली आहे, गावातला एक जण म्हणते शिष्यवृत्ती चालू असली की स्वाधार (बाहेर रूम करून राहणाऱ्या पोरांना राहण्या-जेवणाचे पैसे देणारी सरकारी योजना) मिळत नाही, हे खरं का? ज्याला माहीत आहे त्यानंच सांगा, अंदाज नका सांगू.

सेतूवाला_वाशिम:

दादा, पैसे गेलेले नाहीत, बहुतेक दुसऱ्या खात्यात पडून आहेत. माझ्याकडे सेंटरवर अशी केस नेहमीच येते. नीट समजून घ्या. बँकेत आधार झेरॉक्स दिली की बँक तिच्या कॉम्प्युटरात ते खात्याला जोडते, असं तुम्ही चार बँकांत जोडू शकता. पण सरकारी पैसा खातं नंबर पाहून येत नाही, आधार नंबर पाहून येते, आणि तो कोणत्या बँकेकडे पाठवायचा हे एनपीसीआयच्या (बँकांमधले ऑनलाइन व्यवहार चालवणारी संस्था) यादीत ठरते. त्या यादीत एका आधारसमोर एकच बँक असते, जी सगळ्यात शेवटी सीड झाली, म्हणजे त्या यादीत नोंदली गेली, ती. म्हणून बँकवाले पण खोटं बोलत नाहीत आणि पोर्टल पण खोटं दाखवत नाही.

आता पाहायचं कसं. माय आधारच्या साइटवर ओटीपी टाकून लॉगिन करा, त्यात बँक सीडिंग स्टेटस असा पर्याय आहे, बँकेचं नाव आणि चालू आहे की बंद ते दिसते. मोबाइल आधारला जोडलेला पायजे, नसेल तर आधी आधार केंद्रावर ते करून घ्या. नेट नसेल तर *99*99*1# डायल करूनही कळते. आणि बहिणीला हे विचारा की सिम घेताना नाही तर गावात कोणी टेबल लावून बसलं होतं तेव्हा अंगठा लावून एखादं पेमेंट बँकेचं खातं उघडलं होतं का.

दारव्हेकर_दादा:

भाऊ, पाहिलं. तुम्ही म्हणता तेच निघालं. एका पेमेंट बँकेचं नाव दाखवून राहिलं, तिनं तर कधी ते खातं वापरलं नाही, तिला माहीतच नव्हतं. बारावीत असताना सिम घेतलं होतं, तेव्हा दुकानदारानं दोनदा अंगठा लावायले लावला म्हणते. आता त्यातले पैसे काढायचे कसे, पासबुक नाही, एटीएम नाही काही नाही.

सेतूवाला_वाशिम:

घाबरू नका. ज्या नंबरवर खातं उघडलं त्या नंबरनं त्यांचं ॲप टाका, बॅलन्स दिसेल, तिथूनच तिच्या नेहमीच्या बँकेत ट्रान्सफर करा. नंबर बंद असेल तर त्या पेमेंट बँकेच्या पॉइंटवर आधार आणि अंगठा घेऊन जा. एक काम मात्र कोणाच्या भरवशावर सोडू नका: अंगठा लावायच्या आधी फक्त बॅलन्स पाहायले सांगा, पावती हातात घ्या, मगच काढा. बॅलन्स पाहतो म्हणून पैसे काढून घेणारे लोक आहेत, तालुक्या तालुक्यात आहेत.

पैसे आले की दुसरं काम सीडिंग बदलायचं. नेहमीच्या बँकेत जाऊन आधार लिंक करा असं म्हणू नका, डीबीटीसाठी (सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी) एनपीसीआय सीडिंगचा संमती फॉर्म द्या म्हणा आणि पोच घ्या. एनपीसीआयच्या साइटवर बेस नावाची सोय आहे, तिथून पण बँक बदलण्याची रिक्वेस्ट टाकता येते. काही दिवसांनी परत स्टेटस पाहा, बदललं दिसल्याशिवाय या वर्षीच्या पैशाची वाट पाहू नका, ते पण तिकडंच जातील.

बडनेऱ्याची_ताई:

फीचं मी सांगते, मी स्वतः याच शिष्यवृत्तीवर शिकली. 2021 मध्ये केंद्राची नवीन नियमावली आली, तेव्हापासून केंद्राचा 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारवाल्या खात्यात येते आणि त्यात निर्वाह भत्ता तर असतेच पण कॉलेजच्या फीचा भाग पण असते. तो फीचा भाग 7 दिवसांत कॉलेजात भरायचा असते. म्हणजे कॉलेजवाले मागून राहिले ते काही हवेतलं नाही, पण पैसा कोणत्या खात्यात गेला हे पोरीला कळलंच नाही तर तिनं भरायचं कसं, हे त्यांनी ऐकून घेतलं पायजे. परीक्षेचा फॉर्म अडवणं चूक आहे. शिष्यवृत्तीवाल्या पोरांची अडवणूक करू नका असं सरकार कॉलेजांना वारंवार कळवत आलं आहे, आणि त्याच नियमावलीत फ्रीशिप कार्डची सोय आहे, आगाऊ फी न घेता प्रवेश द्यायची.

तोंडी भांडू नका. प्राचार्यांच्या नावानं अर्ज लिहा, सीडिंग स्टेटसचा स्क्रीनशॉट आणि महाडीबीटीचा अर्ज आयडी जोडा, पैसे दुसऱ्या बँकेत गेले आहेत, अमुक तारखेपर्यंत भरतो, तोवर परीक्षेचा फॉर्म स्वीकारावा असं लिहा, आवक शिक्का घ्या. त्याची एक प्रत अमरावतीच्या सहायक आयुक्त, समाज कल्याण यांना द्या. शिक्का मारलेला कागद असला की बोलण्याची पद्धत बदलते, हे मी पाहिलं आहे. आणि बाबांना सांगा की उपकार मागून नाही राहिलो आपण. ही शिष्यवृत्ती 1944 पासून चालू आहे, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात होते तेव्हापासून. तिच्यापायी तुरीवर उचल घेऊ नका.

स्वाधारबद्दल तुमच्या गावातल्या माणसानं चूक सांगितलं. शिष्यवृत्ती चालू आहे म्हणून स्वाधार नाकारत नाहीत. ती योजना सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठीच आहे. अट म्हणजे उत्पन्न अडीच लाखाच्या आत, मागच्या परीक्षेत 50 टक्के, हजेरी 75 टक्के, आणि मुलगी त्या शहरातली रहिवासी नको. अमरावतीसाठी वर्षाला 51,000 आहेत, जेवणाचे 28,000, राहण्याचे 15,000 आणि निर्वाह भत्ता 8,000. नागपूरले असती तर 60,000. रूमचं भाडं आणि मेसचं बिल यातून बऱ्यापैकी निघते.

अहेरीचा_पोरगा:

मधात विचारतो, माफ करा. आम्ही एसटीतले, म्हणजे अनुसूचित जमातीतले, भाऊ चंद्रपूरले बीएस्सी करून राहिला, त्याच्यासाठी पण स्वाधारच का?

बडनेऱ्याची_ताई:

नाही भाऊ, तुमच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, आदिवासी प्रकल्प कार्यालयात चौकशी करा. आणि ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीवाल्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. वेगळा धागा काढा, तिथं सविस्तर सांगते.

दारव्हेकर_दादा:

ताई, भाऊ, पैसे दिसले! ॲपमध्ये पूर्ण रक्कम आहे, कोणी काढलेली नाही. बहीण फोनवर रडायलेच लागली. ट्रान्सफरला टाकले आहेत, अर्ज पण लिहून झाला, सोमवारी शिक्का घेते म्हणते. बाबांना दाखवलं, उचल नको म्हणाले ते.

आता फक्त स्वाधारचं राहिलं. रूमचा करारनामा नाही, घरमालकीण लिहून द्यायले तयार नाही, टॅक्स लागतो म्हणते. आणि अर्ज यवतमाळले द्यायचा का अमरावतीले? आमचं गाव तर यवतमाळमध्ये येते.

बडनेऱ्याची_ताई:

कॉलेज जिथं, अर्ज तिथला, म्हणजे अमरावती समाज कल्याण. आता ऑफिसात कागद घेऊन बसायचं नाही, वसतिगृहाचं जे ऑनलाइन पोर्टल आहे, एचएमएएस, त्यावरच स्वाधारचा अर्ज भरायचा असते. मुदत निघून जाते, म्हणून आजच लॉगिन तयार करा. करारनाम्यासाठी घरमालकिणीकडे तिघी पोरी मिळून जा, एकटीला नाही म्हणतात. तरी नाहीच ऐकलं तर समाज कल्याण ऑफिसात विचारा की भाड्याच्या पावत्या आणि शपथपत्रावर घेतात का, आणि काय सांगतात ते इथं लिहा, बाकीच्या दोघींना पण लागेल.