शाळेत नेतृत्वाची टीम हवी की एकच खमका मुख्याध्यापक? (नाशिक जिल्ह्यापुरतं बोलू)

टाचणवही

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून शाळेत येणारी प्रत्येक नवी गोष्ट एकाच टेबलावर येऊन पडते. निपुणची (पायाभूत वाचन-गणिताची) उद्दिष्टं, समग्र प्रगतिपत्रक, स्क्वाफ म्हणजे शाळेच्या गुणवत्तेच्या मूल्यांकनाची १२८ मानकं आणि त्यांचे पुरावे, यू-डायस प्लसवर शाळेची माहिती, अपार म्हणजे प्रत्येक मुलाचा ओळख क्रमांक, पोषण आहाराची रोजची नोंद, पगाराचं शालार्थ. टेबल अर्थातच मुख्याध्यापकांचं. यात वर्गात काय शिकवलं जातंय हे बघायला वेळ कुठून काढायचा?

बाहेरच्या देशांत हा प्रश्न आधीच येऊन गेलाय. सिंगापूरमध्ये शिक्षकाला तीन वाटा आहेत: अध्यापन, नेतृत्व आणि विषयतज्ज्ञ. विभागप्रमुख हे तिथे खरं पद आहे, शिक्षकदिनाला द्यायचा मान नव्हे. रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये जुने अभ्यास एकत्र तपासले. नेतृत्वाच्या पाच पैलूंपैकी मुलांच्या शिकण्यावर सर्वांत मोठा परिणाम दिसला तो शाळाप्रमुखाने शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः भाग घेण्याचा (परिणामाचं माप ०.८४). तो आकडा मूठभर अभ्यासांवर उभा आहे हे मान्य, पण दिशा स्पष्ट आहे.

माझं म्हणणं असं. १५ किंवा जास्त शिक्षक असलेल्या शाळेत चार जणांची टीम करा: भाषा, गणित-विज्ञान, मूल्यमापन आणि एकजण फक्त माहिती-नोंदींसाठी. प्रत्येकाला आठवड्याला ३ तासिका कमी द्या, तेही वेळापत्रकात छापून. आणि काम काय, हे एका पानावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं काम म्हणजे "तुम्ही जरा बघा ना" होतं, आणि "जरा बघा"चा हिशेब कोणी मागत नाही.

अनुसूची_फ

कल्पना चांगली आहे, पण तिला पाय कुठे आहेत? खासगी अनुदानित शाळा १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीवर चालतात. तिथे मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि शिक्षक एवढीच उतरंड आहे. "समन्वयक" हा शब्द कितीही वेळा उच्चारला तरी त्याला ना वेतनश्रेणी, ना अधिकार. सही मुख्याध्यापकाची, चौकशीही मुख्याध्यापकाचीच. अशा स्थितीत शहाणा मुख्याध्यापक काम वाटतो, निर्णय वाटत नाही. त्यात त्याचा दोष नाही.

दुसरी अडचण ज्येष्ठतेची. गणिताची समन्वयक म्हणून ज्येष्ठता यादीत अकराव्या क्रमांकावरच्या बाईंना नेमले, तर वरचे दहा काय करतील? उघड विरोध कोणी करणार नाही. फक्त त्या बाईंनी मागितलेली उत्तरपत्रिका कधीच वेळेवर येणार नाही. आणि हीच यादी उद्या संस्थेच्या वादात "मला डावलले" याचा पुरावा म्हणून फिरेल.

सिंगापूरचा विभागप्रमुख त्या पदाचा पगार घेतो. आपल्याकडे समन्वयकाला काय मिळणार? व्हॉट्सॲपच्या आणखी एका गटाचे ॲडमिनपद.

खडूफळा

शेवटच्या वाक्याला नमस्कार. 😄

पाड्यावरची_शाळा

तुम्ही दोघंही नाशिक, निफाड, सिन्नरच्या मोठ्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून बोलताय. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडे या. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो १५० च्या वर पट गेल्यावर. म्हणजे पाड्यावरच्या शाळेत दोघांपैकी एक मुख्याध्यापकाचा प्रभारी. तो तालुक्याला मीटिंगला गेला की दुसऱ्याकडे पाचही वर्ग. इथे चौघांची टीम कुठून आणायची?

इथली टीम शाळेत बसत नाही, केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, बसते. नवं काहीच नाही त्यात. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शाळा संकुल सुचवलं होतं, २०२० च्या धोरणाने तेच पुन्हा मांडलं: एक माध्यमिक शाळा आणि पाच-दहा किलोमीटरच्या परिसरातल्या बाकीच्या शाळा. आपल्या राज्यात १९९४ पासून केंद्रप्रमुखाचं पद आहे. सांगाडा तयार आहे, फक्त त्यातून जाते ती माहिती. शिकवणं जात नाही.

हिशेब करा. एका केंद्रात दहा द्विशिक्षकी शाळा धरल्या तर २० शिक्षक. त्यांचे पाच-पाचचे चार गट: पहिली-दुसरी भाषा, पहिली-दुसरी गणित, तिसरी ते पाचवी भाषा, तिसरी ते पाचवी गणित. एका शाळेतले दोघं एका गटात नकोत. प्रत्येक गटाचा एक म्होरक्या, दोन वर्षांसाठी. शिक्षण परिषदेतला (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीतला) निम्मा वेळ या गटांचा. पहिली-दुसरीच्या भाषेचा गट तर हवाच, कारण मुलाच्या घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलली जाते आणि पुस्तक प्रमाण मराठीत. हे अंतर कापायची युक्ती प्रत्येक शिक्षक एकट्याने शोधत बसतो आणि बदली झाली की सोबत घेऊन जातो.

बिघडतं कुठे, तेही सांगतो. परिषदेचा विषय वरून येतो, सोबत स्लाइडही येतात. त्या वाचून दाखवण्यात दुपार सरते. दुसरं, जुलै-ऑगस्टमध्ये पार-नारच्या खोऱ्यात ओहोळ भरले की सगळं केंद्र एका जागी येतच नाही. तेव्हा पावसाळ्यात जवळच्या तीन-तीन शाळांनी वेगळं बसावं, पूर्ण केंद्राची बैठक जूनमध्ये आणि मग थेट सप्टेंबरनंतर.

टाचणवही

पाड्यावरची_शाळा, सर, लहान शाळांचं तुमचं पटलं. माझी मांडणी तिथे लागू नाही.

अनुसूची_फ, तुम्हाला मात्र आकडे देते. २४ शिक्षकांची शाळा, प्रत्येकी ३० तासिका, एकूण ७२०. चौघांच्या ३ प्रमाणे १२ कमी केल्या तर उरलेल्या वीसजणांवर सरासरी ०.६ तासिका वाढते. हा काही डोंगर नाही. ३० तासिका ३५ मिनिटांच्या धरल्या तर साडेसतरा तास होतात. शिक्षण हक्क कायद्यात तयारीसह आठवड्याला ४५ तास धरलेत.

वेळापत्रकवाला

टाचणवही मॅडम, सरासरीने वेळापत्रक लागत नाही. ज्याने कधी लावलंय त्याला विचारा.

गणिताच्या शिक्षकाच्या तीन तासिका सुट्या काढता येत नाहीत. आठवी 'ब'चं गणित एकाच शिक्षकाकडे अख्खं असतं. त्यातल्या अर्ध्या दुसऱ्याला दिल्या तर एकाच तुकडीला दोघं गणित शिकवणार, आणि सहामाहीला कोणाचं काय राहिलं यावरून भांडण. पूर्ण तुकडी काढली तर ज्याच्याकडे जाईल तो एकदम ३६ वर. शिवाय १२ तासिका वीसजणांत वाटायच्या म्हणता, पण गणिताच्या तासिका इतिहासाच्या बाईंना कशा देणार?

यातून दोन वाटा निघतात. एक, समन्वयकाकडच्या कार्यानुभव, ग्रंथालय, शारीरिक शिक्षण अशा किरकोळ तासिका आधी काढा. त्या कोणालाही देता येतात. दोन, आणि ही जास्त कामाची: त्याचं वर्गशिक्षकपद काढा. हजेरीपट, प्रगतिपत्रकं, शिष्यवृत्तीचे अर्ज, अपारची संमतिपत्रं, पालकांचे फोन. तीन तासिकांपेक्षा जास्त वेळ इथे मोकळा होतो आणि वेळापत्रकाला धक्काही लागत नाही.

तिसरी गोष्ट कोणी बोललं नाही: बदली तास. सकाळी दोघं रजेवर असले की पर्यवेक्षक फळ्यावर बदली तास लावतो, आणि सर्वांत आधी मोकळा दिसतो तो समन्वयक. त्याच्या रिकाम्या खान्यात "विषय बैठक" असं लिहिलेलं नसेल तर जुलै संपायच्या आत त्या तीन तासिका गेल्याच म्हणून समजा. चौघांचा किमान एक तास सामाईक हवा, नाहीतर टीम फक्त कागदावर. आणि ते खाने मे महिन्यात, बाकी वेळापत्रक भरण्याआधी अडवायचे. नंतर जागा सापडत नाही.

अनुसूची_फ

वेळापत्रकवाला, धन्यवाद. हेच सांगत होतो, फक्त आपण जास्त चांगले सांगितले.

परदेशाचे उदाहरण अर्धेच सांगितले जाते, म्हणून एक जोड. न्यूझीलंडने १९८९ मध्ये प्रत्येक शाळेला स्वतःचे मंडळ आणि स्वायत्तता दिली. शाळा एकमेकींशी स्पर्धा करू लागल्या. मग २०१४ मध्ये त्यांना जोडण्यासाठी "काहुइ आको" हे शाळासमूह आले. समूहाच्या नेत्याला पैसे, शिक्षकांना वेळ, सगळे रीतसर. २०२५ च्या अर्थसंकल्पात त्या सरकारने ही योजना गुंडाळली. पैसा आणि वेळ असूनही टिकली नाही. आपण बिनपैशाची टिकवणार?

खडूफळा

टीम हवी का नको यावर वाद रंगलाय, पण टीम बसून करणार काय, हे कोणी सांगेना. जपानमधला पाठ-अभ्यास घ्या. एक नमुना देते.

विषय: तिसरी-चौथीची वजाबाकी, दशक सुटा करून करायची, मध्ये शून्य असलेली. ४०२ − १६७. उत्तर २३५. आधी वर्गाच्या वह्या बघा. काही मुलांचं उत्तर ३६५ येतं: प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा. काहींचं २४५: चारशेतला एक शतक मोडला आणि त्यातून दशकालाही दहा दिले, एककालाही दहा दिले. दोन्ही चूकच, पण दोघांवर उपाय वेगळा. पहिल्याला दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या हातात द्यायच्या. दुसऱ्याला विचारायचं, शतक मोडल्यावर किती दशक मिळाले आणि त्यातला एक एककाला दिल्यावर किती उरले?

मग तिघी-चौघी मिळून एक तासिका आखतात. एक शिकवते. बाकीच्या मागे बसून शिक्षिकेकडे बघत नाहीत. प्रत्येकीने चार-पाच मुलं वाटून घ्यायची आणि ती पाटीवर काय खोडतात, कुठे थांबतात ते लिहायचं. शाळा सुटल्यावर ४० मिनिटं चर्चा: आधी शिकवणारी बोलते, मग नोंदी वाचतात. पंधरा दिवसांत दुसऱ्या तुकडीवर तोच पाठ सुधारून.

याचं वाटोळं कसं होतं? निरीक्षणाला गुणांचा तक्ता जोडला की. "फलक लेखन सुबक: ५ पैकी ४". तो तक्ता गोपनीय अहवालाला जोडला जाईल अशी नुसती शंका आली तरी शिक्षिका त्या दिवशी पाठ केलेला पाठ घेते, चुका करणाऱ्या मुलाला विचारतच नाही, आणि आपल्याला जे बघायचं होतं तेच दिसत नाही. म्हणून या नोंदी शेरेबुकात जाता कामा नयेत. मुख्याध्यापकांनी यावं, पण मागच्या बाकावर, त्यांचीही चार मुलं घेऊन.

याला ना पद लागतं ना श्रेणी, अनुसूची_फ सर.

सटाणा_स्टँड

म्हणजे परत चर्चासत्र. समित्याच इतक्या झाल्या होत्या की २०२५ मध्ये त्या एकत्र करायचा शासन निर्णय काढावा लागला. आता टीम नावाची नवी समिती. इतिवृत्त कोण लिहिणार तेवढं सांगा.

खडूफळा

इतिवृत्त नाही. ४०२ − १६७ लिहिलेल्या पाच वह्या ठेवायच्या. पुढच्या वेळी पुन्हा पाच. बास.

बागाईतदार

दिंडोरी-निफाडचा एक मुद्दा, ज्यात मुख्याध्यापक कितीही खमका असला तरी एकटा पुरत नाही. द्राक्षाचा हंगाम. ऑक्टोबरच्या छाटणीपासून काढणीपर्यंत पेठ-सुरगाण्याची कुटुंबं बागांवर येतात आणि मुलं सोबत. पाठवणाऱ्या शाळेने शिक्षण हमी कार्ड द्यायचं, घेणाऱ्या शाळेने ते बघून मुलाला वर्गात बसवायचं, अशी व्यवस्था आहे.

अडतं कुठे? कार्ड मिळतं ते कुटुंब निघून गेल्यावर, कारण मुकादमाची गाडी रात्री येते आणि शाळेला कळतं सोमवारी. बरं, कार्डावर मूल कोणत्या वर्गात आहे ते दिसतं, पण त्याला काय येतं ते कळत नाही. घेणारा शिक्षक त्याला वयानुसार चौथीत बसवतो, वाचन शब्दांपर्यंतच असतं, मूल आठ दिवसांत यायचं बंद होतं.

इथे टीम म्हणजे दोन तालुक्यांतले दोन शिक्षक, एक तिकडचा, एक इकडचा, एकमेकांचा नंबर असलेले. सप्टेंबरअखेर तिकडच्याने यादी करायची: कोणती घरं दरवर्षी जातात, कोणत्या गावच्या बागेवर. गावात ते सगळ्यांना माहीत असतं. कार्डं तेव्हाच भरून ठेवायची, मागे तीन ओळी: वाचन कुठवर, कोणत्या क्रिया जमतात, घरी भाषा कोणती. इकडच्याने दिवाळीनंतर बागांवर एक फेरी मारायची, शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या बागाईतदार पालकाला सोबत घेऊन. त्या समितीत पाऊण सदस्य पालकच असतात, त्यांचा इतका तरी उपयोग व्हावा. मास्तर एकटा गेला तर त्याला मजूर पळवायला आलेला समजतात.

पाड्यावरची_शाळा

बागाईतदार, शंभर टक्के. फक्त मागच्या तीन ओळी पेनाने लिहाव्यात. ॲपमध्ये भरायला गेलं तर पाड्यावर रेंज नसते आणि ती नोंद "नंतर भरू"त जाते.

अनुसूची_फ

खडूफळा आणि बागाईतदार यांनी सांगितलेले दोन्ही प्रकार मला मान्य आहेत. कारण त्यांत कोणी कोणाचा वरिष्ठ नाही. माझा विरोध चार खुर्च्या मांडण्याला आहे. टाचणवहींच्या चारपैकी तीन खुर्च्या उद्या "माझा विषय, माझा अधिकार" करतील. चौथी, माहिती-नोंदींची, ती मात्र हवीच. आणि तिथे शिक्षक नको, लिपिक हवा. अनुदानित माध्यमिक शाळेत लिपिकाचे पद तरी मंजूर होते, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत तेही नाही. तेवढा एक माणूस केंद्राला द्या, मग मुख्याध्यापक स्वतःच वर्गात जाऊन बसेल.

टाचणवही

केंद्राला लिपिक, यावर माझी सही. पण तो येईपर्यंत नोंदी कोण करणार, सर? आजही त्या कोणीतरी करतंच आहे, बहुतेक शाळांत सर्वांत तरुण शिक्षक, कारण त्याला "कॉम्प्युटर येतो". त्याला वेळापत्रकात तीन तासिका देण्याला तरी तुमचा विरोध नसावा.

वेळापत्रकवाला

तीन नको. वर्गशिक्षकपद काढा.