प्रतिसाद : बाकावरचा एक दिवस

वर कुणीतरी विचारलंय, "मुख्याध्यापक रोज वर्गावरून चक्कर मारतातच, मग दिवसभर मुलासोबत बसायचं नाटक कशाला?" मीही असंच म्हणायचो. जळगाव जिल्ह्यातल्या एका शाळेत मुख्याध्यापक असताना मार्चमध्ये एक दिवस सातवीच्या एका मुलाच्या शेजारी बसलो. चक्कर मारताना वर्ग शांत दिसतो. शांत का असतो ते बाकावर कळतं!

पहिलं म्हणजे गुडघे. ते बाक माझ्याच सहीने आले होते. पत्र्याखाली साडेअकरालाच डोकं तापलं. चार तासिकांत मुलगा शिक्षकांशी एकूण दोन वाक्यं बोलला, तीही "हो सर". मधल्या सुट्टीत मात्र अहिराणीत त्याची गाडी सुसाट. गणिताच्या तासाला माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "माले समजनं नही." सरांना प्रमाण मराठीत विचारायचं तर आधी वाक्य जुळवावं लागतं, तोवर फळा पुसलेला असतो.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला वर्षाला १००० तास अध्यापन हवं. ते आम्ही कागदावर चोख भरायचो.

दुसऱ्या दिवसापासून गणिताची तासिका सकाळी पहिली घेतली आणि अहिराणीत शंका विचारायला मोकळीक दिली. बाक काही बदलले नाहीत, निधी नव्हता. एक मात्र सांगतो, आधी वर्दी देऊन बसू नका, नाहीतर त्या दिवशी सगळेच आदर्श पाठ घेतात.