विषय: दिवाळी अंकांचं ऑनलाइन दुकान – कार्ट कोणती घ्यायची?

प्रेषक: ग्रंथालय समिती

मंडळी, नमस्कार.

यंदाही अंकांच्या ऑर्डरी गूगल फॉर्मवर घेतल्या आणि पैसे झेलवर (Zelle, बँकेतून बँकेत पैसे पाठवायची अमेरिकेतली सोय). कोणाचे पैसे कोणत्या अंकाचे, हे जुळवता जुळवता तुळशीचं लग्न उलटून गेलं. एकांनी मेमोत नुसतं 'शुभ दीपावली' लिहून ४८ डॉलर पाठवलेत. ते सद्गृहस्थ अजून सापडलेले नाहीत.

पुढच्या वर्षी नीट शॉपिंग कार्ट, म्हणजे ऑनलाइन दुकान चालवायचं सॉफ्टवेअर, हवी. तीस-चाळीस अंक, थोडी पुस्तकं, हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा. वूकॉमर्स फुकट आहे म्हणे. तेच घेऊ या का?

---

प्रेषक: माजी वेबमास्तर

ताई,

फुकट आहे ते वूकॉमर्सचं प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसवरच्या साइटला दुकान जोडून देणारं सॉफ्टवेअर. त्याच्याखालची वर्डप्रेस साइट, होस्टिंग, बॅकअप आणि सारखे येणारे अपडेट हे कोणीतरी निस्तरायचं असतं. आधीच्या गावातल्या मंडळासाठी मी ते चार वर्षं निस्तरलं. एकदा हौसेने 'ग्रंथालयाला १ डॉलर देणगी' असं बटण ठेवलं. दोन दिवसांनी पाहतो तर रात्रीत तीनशेच्या वर व्यवहार करून पाहिलेले, बहुतेक सगळे नापास. चोरलेली कार्डं चालतात का, हे तपासायला असलं स्वस्त बटण चोरांना फार सोयीचं. कॅप्चा लावलं नव्हतं, चूक माझीच.

दुसरी गंमत देवनागरीची. पीडीएफ पावतीचं जे प्लगिन आम्ही वापरत होतो, त्याला जोडाक्षरं जुळवता येत नव्हती. 'दिवाळी'तली पहिली वेलांटी 'द'च्या पलीकडे उडी मारून बसायची. पत्ते चिकटवणाऱ्या मुलांना वाटायचं, आपलंच मराठी कच्चं. शिवाय वर्डप्रेसमध्ये वेबपानाच्या पत्त्याला (URL) २०० अक्षरांची मर्यादा, आणि देवनागरीचं एकेक अक्षर तिथे नऊ जागा खातं. म्हणजे बावीसेक अक्षरांनंतर अंकाचं नाव कापलं जातं. पत्ता रोमनमध्येच द्यावा.

वूकॉमर्स वाईट नाही, उलट हवं तसं वाकवता येतं. पण आपली कमिटी दर दोन वर्षांनी बदलते. ते वाकवणारा माणूस मूव्ह झाला की पुढच्याला काय कळणार? मी शॉपिफायच्या बाजूने, म्हणजे महिन्याचे पैसे घेऊन तयार दुकान देणाऱ्या सेवेच्या. सर्व्हरची कटकट त्यांच्याकडे.

---

प्रेषक: खजिनदार

शॉपिफायचा बेसिक प्लॅन महिन्याला ३९ डॉलर. हंगाम संपल्यावर दुकान ९ डॉलरवर 'पॉज' करून ठेवता येतं, तेवढ्या काळात विक्री बंद. तीन महिने पूर्ण आणि नऊ महिने पॉज धरले, तर वर्षाचे १९८ डॉलर.

खरी गळती कार्डाच्या फीमध्ये आहे. २.९ टक्के अधिक ३० सेंट. १२ डॉलरचा एक अंक विकला की ६५ सेंट गेले, म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त. तेच पाच अंक एका ऑर्डरमध्ये गेले तर ६० डॉलरवर २ डॉलर ४ सेंट. सुटे विकले असते तर सव्वातीन. तेव्हा संच करा, आणि दुकानात संचच आधी दिसू दे.

आणखी एक. दुकानाचं खातं मंडळाच्या ईमेलवर काढा. कोणाच्याही स्वतःच्या जीमेलवर नको. मागचा अनुभव पुरे झाला.

---

प्रेषक: पार्सलवाले काका

सगळे सॉफ्टवेअर बघताहेत, पोस्टाच्या रांगेत मी उभा असतो. म्हणून दोन शब्द.

अमेरिकन पोस्टाचं मीडिया मेल स्वस्त आहे, पण ते पुस्तकांसाठी. जाहिराती असलेलं मासिक त्यात चालत नाही. आणि दिवाळी अंक म्हटला की सोनाराची आणि सहकारी बँकेची पानं आलीच. पोस्ट मीडिया मेलचं पाकीट उघडून बघू शकतं, मग फरक भरावा लागतो किंवा पाकीट परत येतं. म्हणजे पुस्तकाला एक दर आणि अंकाला दुसरा, असं कार्टला कळलं पाहिजे. वूकॉमर्समध्ये त्याला शिपिंग क्लास म्हणतात, शॉपिफायमध्ये शिपिंग प्रोफाइल. जिथे सगळ्या मालाला एकच दर लावावा लागतो, ती कार्ट आपल्याला नको.

खजिनदारांच्या संचाला माझा पाठिंबा. प्रायॉरिटी मेलच्या मध्यम फ्लॅट रेट खोक्यात ७० पौंडांपर्यंत दर तोच. त्यात किती अंक मावतात ते मोजतो. खोकी पोस्टात फुकट मिळतात.

---

प्रेषक: ग्रंथालय समिती

काका, जाहिरातींचं लक्षातच आलं नव्हतं. गेली तीन वर्षं आपण सगळं मीडिया मेलनेच पाठवतोय, हे इथे लिहायला नको होतं बहुधा.

मग शॉपिफायच. शनिवारी मी चार अंक आणि दोन पुस्तकं चढवते. नावं देवनागरीत ठेवते, टॅग दोन्ही लिप्यांत, कारण शोधताना अर्धी मंडळी रोमनमध्ये टाइप करतात. वेबमास्तर, यादीची सीएसव्ही (तक्त्याची साधी फाइल) महिन्यातून एकदा उतरवून ठेवाल का? उद्या दुसरीकडे जायचं झालं तर हाताशी असेल. दिवाळीच्या कार्यक्रमातल्या स्टॉलवरची विक्रीही त्याच दुकानातून करू. गेल्या वर्षी एकच शेवटचा अंक दोघांना विकला होता आणि दोघेही शेजारी निघाले.

काका, वजनं औंसात कळवा. आणि ४८ डॉलरवाले कोणी ही मेल वाचत असतील तर हात वर करा.