खरा बोर्डवॉक आणि कॉमिक स्ट्रिपमधला बोर्डवॉक: फळ्या, कठडा, उन्हाचे पट्टे यांतलं खरं किती?

मोकळी चौकट

चार चौकटींची स्ट्रिप काढते आहे. स्थळ न्यूयॉर्कचं कोनी आयलंड, साल १९०५. बोर्डवॉकवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या फळ्यांच्या फिरण्याच्या रस्त्यावर, एकाच्या हातून नाणं निसटतं, फळ्यांच्या फटीतून खाली जातं आणि शेवटची चौकट बोर्डवॉकच्या पोटातली आहे. फोटो आणि जुन्या स्ट्रिप शेजारी शेजारी ठेवल्या तर मेळच बसत नाही. फोटोत फळ्या तिरक्या, स्ट्रिपमध्ये आडव्या. स्ट्रिपमध्ये कठडा हटकून असतो, फोटोत काही ठिकाणी नसतो. खालच्या दृश्यात स्ट्रिपवाले सुरीने कापल्यासारखे उन्हाचे पट्टे काढतात, फोटोत मात्र नुसता अंधार. यातलं काय पाळायचं आणि काय सोडून दिलं तरी चालेल?

रंधा

आधी फळ्यांबद्दल. अमेरिकेत ज्या फळीला दोन बाय सहा म्हणतात ती प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि साडेपाच इंच रुंद असते. खाली वासे आणि त्यांना काटकोनात वर फळ्या, ही सर्वांत स्वस्त रचना. वासे रस्त्याच्या दिशेने गेले की फळ्या आपोआप आडव्या येतात. आजच्या अपंग-सुलभतेच्या नियमांनाही हेच सोयीचं आहे: फट अर्ध्या इंचापेक्षा मोठी नको आणि लांबट फट चालण्याच्या दिशेला आडवी हवी, म्हणजे चाक किंवा काठी अडकत नाही.

तिरक्या फळ्या बसवणं महागडं काम आहे. वासे १६ इंचांवर असतील तर ४५ अंशांत टाकलेल्या फळीला दोन आधारांमध्ये साडेबावीस इंचांहून जास्त अंतर ओलांडावं लागतं. ती लचकते, म्हणून वासे जवळ घ्यावे लागतात. शिवाय प्रत्येक फळीचं टोक वाशावरच यायला हवं, म्हणजे कापाकापी वाढते आणि लाकूड वाया जातं. तरीही कोनी आयलंडला आणि न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीला तिरकी नक्षी आहे. तुमचे फोटो बरोबर आहेत.

कठड्याचा हिशेब उंचीवर चालतो. आजच्या अमेरिकन बांधकाम नियमांत साधारणपणे खालची जमीन ३० इंचांहून जास्त खोल असेल तर ४२ इंचांचा कठडा लागतो, आणि त्याच्या गजांमधून चार इंचांचा चेंडू जाता कामा नये. वाळू फूटभरच खाली असेल तर कठडा नसला तरी चालतं. स्ट्रिपमध्ये तो असतो कारण पात्राला रेलायला काहीतरी हवं असतं आणि चौकटीत समुद्र कुठे सुरू होतो हे एका रेघेत कळतं. ही सोय मला पूर्ण मान्य आहे.

बिघाड दाखवायचा असेल तर फळी मधोमध तुटलेली काढू नका, तशी ती क्वचितच तुटते. फटीत वाळू साचते, वाळू ओल धरून ठेवते आणि वाशाचा वरचा भाग कुजतो. मग खिळ्याची पकड सुटून तो वर येतो, फळीचं टोक उचललं जातं. ठेच लागते ती तिथे.

डावा कोपरा

पर्स्पेक्टिव्हचं गणित एकदा मांडून ठेवलं की बरेच प्रश्न मिटतात. समजा चौकट ८ सेंमी रुंद, बघण्याचं अंतर (डोळ्यापासून कागदापर्यंतचं) १२ सेंमी धरलं आणि डोळा फळ्यांपासून ५ फूट उंचावर. आडव्या फळ्यांच्या रेघांमधलं अंतर कागदावर असं येतं: १० फुटांवरच्या फळीला जवळपास ३ मिमी, २० फुटांवर पाऊण मिमी, ४० फुटांवर जेमतेम ०.१८ मिमी. म्हणजे साधारण २५ फुटांपुढे रेघा काढण्यात अर्थ नाही, शाई एकमेकींत मिसळते. १० ते २५ फुटांत तीसेक रेघा येतात. त्या काढा आणि पुढे मोकळं सोडा. स्ट्रिपमध्ये अनेकदा आठ-दहाच फळ्या दिसतात. हिशेब केला तर त्या दोन-दोन फूट रुंद निघतात आणि पात्रं बाहुल्यांएवढी वाटू लागतात. त्यापेक्षा खऱ्या मापाच्या फळ्या काढून दूरच्या वगळलेल्या बऱ्या.

तिरक्या नक्षीसाठी ४५ अंशांच्या रेघांचे दोन व्हॅनिशिंग पॉइंट (समांतर रेघा दूर जिथे मिळताना दिसतात ते बिंदू) क्षितिजावर, मधल्या बिंदूपासून बघण्याच्या अंतराएवढेच दूर येतात. इथे १२ सेंमी डावीकडे आणि १२ उजवीकडे, म्हणजे चौकटीच्या कडेपासून ८ सेंमी बाहेर. टेबलावर चिकटपट्टी लावून तिथे खूण करा. ते चौकटीत कोंबले की जमीन प्रेक्षकाच्या अंगावर चालून आल्यासारखी दिसते. नवख्यांच्या पानांवर हे सर्रास होतं.

आणि समुद्राचं क्षितिज हीच डोळ्याची पातळी. बोर्डवॉकवर उभ्या, साधारण तेवढ्याच उंचीच्या सगळ्या माणसांचे डोळे, जवळची असोत की दूरची, त्याच रेघेवर येतील. खाली वाळूवर असलेल्यांची डोकी त्या रेघेच्या खाली. हे चुकलं तर बाकी कितीही मेहनत घ्या, चित्र डगमगतंच.

तिकीटघर

पण १९०५ च्या कोनी आयलंडला हा बोर्डवॉक नव्हताच! तो सार्वजनिक बोर्डवॉक १९२३ मध्ये खुला झाला. त्याआधी किनाऱ्याचे तुकडे खासगी मालकांकडे होते. १९०५ साठी पार्श्वभूमीला तिथली करमणूक उद्यानं, लूना पार्क (१९०३) आणि ड्रीमलँड (१९०४, १९११ मध्ये जळालं), चालतील. वंडर व्हील हा मोठा पाळणा १९२० चा, सायक्लोन हा रोलरकोस्टर १९२७ चा, पॅराशूट जंपचा मनोरा तिथे आला १९४१ मध्ये. फोटोवरून आभाळरेषा उतरवताना हे तिन्ही नकळत घुसतात.

साल बदलायचं नसेल तर प्रसंग अटलांटिक सिटीला न्या. तिथला पहिला बोर्डवॉक १८७० चा, आठ फूट रुंद. हॉटेलांत आणि रेल्वेच्या डब्यांत वाळू येऊ नये म्हणून बांधलेला, हिवाळ्यात सुटा करून ठेवायचे. १९०५ पर्यंत तिथे ढकलखुर्च्यांची (मागून माणूस ढकलतो त्या चाकांच्या खुर्च्यांची) वर्दळ होती, म्हणजे पात्रांना बसायलाही जागा मिळते. फक्त मावळता सूर्य समुद्रावर काढू नका. किनारा आग्नेयेकडे तोंड करून आहे. संध्याकाळी ऊन हॉटेलांच्या मागून येतं आणि त्यांची सावली बोर्डवॉकवर पडते.

मोकळी चौकट

अटलांटिक सिटी पक्कं. आता नाणं आणि खालचं ऊन राहिलं.

रंधा

पाव इंचाची फट म्हणजे साधारण ६ मिमी. डाइमचा (अमेरिकेच्या दहा सेंटच्या नाण्याचा) व्यास १७.९ मिमी आणि जाडी १.३५ मिमी, त्यामुळे ते आडवं पडलं तर फळीवरच राहणार. कडेवर घरंगळत फटीच्या रेषेत आलं तरच आत जाईल. म्हणून मधल्या चौकटीत ते घरंगळताना दाखवा, विनोदही त्यातच आहे.

उन्हाचं म्हणाल तर ६ मिमी फट आणि ३८ मिमी जाड फळी, म्हणजे फटीच्या सरळ रेषेपासून सूर्य ९ अंश बाजूला सरकला की थेट ऊन खाली पोचतच नाही. फट उत्तर-दक्षिण असेल तर उन्हाळ्यात मध्यान्हीच्या आसपास जेमतेम सव्वा तास पट्टे दिसतात. तुमच्या फोटोतला अंधार त्यामुळेच. पट्टे पडतात तेव्हाही धारदार नसतात. सूर्य अर्ध्या अंशाचा गोळा आहे, तीन मीटर खाली येईपर्यंत पट्टा तीसेक मिमी पसरतो आणि फिका होतो.

डावा कोपरा

तरी स्ट्रिपमध्ये पट्टे काढाच. कृष्णधवल चौकटीत वर फळ्या आहेत हे सांगणारी दुसरी खूण नाही. मात्र सगळे एकाच दिशेचे काढा, खांबावर आले की तिथे उभे वळवा, आणि वरच्या चौकटीतल्या सावल्या आखूड ठेवा. वर लांब सावल्या आणि खाली पट्टे हे एकाच वेळी घडत नाही.

स्कॅन ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) करा आणि मोबाइलसाठी लहान करताना नेमकं निम्मं किंवा पाव करा. अडनिड्या टक्क्यांनी केलं की जवळजवळच्या फळ्यांवर नको असलेल्या लाटा उमटतात.