मदत हवी आहे: भांड्यांच्या दुकानातील बिलांवरून मागणीचा अंदाज, पण तारखेऐवजी तिथीनुसार

नमस्कार मंडळी,

नाशिकच्या भांडी बाजारात आमचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे वडिलोपार्जित दुकान आहे. जुलै 2017 मध्ये जीएसटी लागू झाला तेव्हापासूनची सर्व बिले टॅलीत आहेत. ती सीएंकडे पाठवण्यापलीकडे त्यांचा उपयोग आम्ही कधी केला नव्हता.

एका सल्लागार कंपनीने ही बिले तपासून 2024 च्या मागणीचा अंदाज काढून दिला. जुलैच्या उत्तरार्धापासून निरांजने, समया आणि ताम्हणे जोरात खपतील, असे त्यात म्हटले होते, म्हणून मी माल भरला आणि तो दिवाळीपर्यंत पोत्यांतच राहिला. वडिलांनी जुने पंचांग पुढे ठेवले तेव्हा उलगडा झाला: 18 जुलै ते 16 ऑगस्ट 2023 हा अधिक श्रावण होता आणि जावयाच्या वाणासाठी झालेली खरेदी संगणकाने दरवर्षीचीच समजली होती. (हे माझ्या तरी लक्षात यायला हवे होते, हे मान्य आहे.)

आता 17 मे 2026 पासून अधिक ज्येष्ठ आहे. वाणाची भांडी खपतील, पण महिनाभर लग्ने नसल्यामुळे रुखवताची खरेदी मागेपुढे सरकेल. आमच्या बिलांत अधिक मास तीनच आहेत, 2018, 2020 आणि 2023 चे, आणि त्यांपैकी 2020 चा करोनात गेला. प्रत्येक बिलापुढे तिथी व मास यांचा रकाना जोडला, तर एवढ्या तुटपुंज्या उदाहरणांवरून भरवशाचा अंदाज निघतो का, की येथे वडिलांचा अनुभवच वापरावा?

दुसरी अडचण नावांची आहे. एकच वस्तू कोणी ‘तांब्याचा तांब्या’, कोणी ‘लोटा कॉपर’, तर कोणी नुसतेच ‘ता. लोटा’ अशी नोंदवली आहे. शिवाय काही माल किलोवर, काही नगावर विकला जातो. धातूचे भाव चढल्यामुळे रुपयांत वाढलेली विक्री वजनात तेवढी वाढलेली नसते. ही नावे हाताने न जुळवता एकत्र करण्याची सोपी पद्धत कोणती?

2015 च्या सिंहस्थातील विक्री मात्र कागदी बिलबुकांतच आहे. 2027 साठी ती टंकून घेण्याचे श्रम सार्थकी लागतील का?

मला एक्सेल बऱ्यापैकी येते आणि पायथॉन शिकण्याची तयारी आहे. कोणाला नमुना पाहायचा असल्यास ग्राहकांची नावे व फोन क्रमांक काढून 2018 आणि 2023 ची बिले देऊ शकेन.