एक्सटीबीजी-१ ला नेव्हीने नाकारलं ते बरोबर होतं का?

डोलकाठी: १९३४ मध्ये अमेरिकन नेव्हीला कॅरिअरसाठी (विमानवाहू जहाजासाठी) नवीन टॉर्पेडो बॉम्बर, म्हणजे शत्रूच्या जहाजावर पाणतीर सोडणारं विमान, हवं होतं म्हणून क्लीव्हलँडच्या ग्रेट लेक्स कंपनीने एक्सटीबीजी-१ केलं, ऑगस्ट १९३५ मध्ये उडालं आणि तेवढं एकच बनलं. सगळे म्हणतात दोन पंखी (एकावर एक पंखांची जोडी असलेलं, बायप्लेन) जुनाट विमान, जाणारच होतं. मला नाही पटत! टॉर्पेडो पूर्ण पोटात, चाकं आत ओढली जाणारी, आणि त्याऐवजी निवडलेल्या डग्लसच्या डेव्हास्टेटरमध्ये टॉर्पेडो अर्धा बाहेरच राहायचा. अजून थोडं काम करू द्यायला हवं होतं.

सुकाणू: अहो पण टेस्टमध्ये ते हवेत स्थिरच राहत नव्हतं. कॅरिअरच्या डेकवर उतरायला असलं विमान कोण नेणार, पायलटचा जीव जाईल ना. शिवाय स्पीड ताशी १८५ मैल, डेव्हास्टेटरचा २०६.

डोलकाठी: स्पीडचं काय घेऊन बसलात, तेव्हाचा मार्क १३ टॉर्पेडो टाकायला कुठल्याही विमानाला खाली येऊन हळूच जावं लागायचं. मिडवेच्या जपानविरुद्धच्या लढाईत ४ जून १९४२ ला हॉर्नेट या अमेरिकन कॅरिअरवरून १५ डेव्हास्टेटर गेले, १५ च्या १५ पडले. आणि ब्रिटिशांचं दोन पंखी टॉर्पेडो विमान स्वोर्डफिश बघा, नोव्हेंबर १९४० मध्ये तारांतोला इटलीच्या युद्धनौका बंदरातच फोडल्या, मे १९४१ मध्ये बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेचं सुकाणू जॅम केलं.

पाणतीर: तारांतोला रात्र होती आणि बिस्मार्कवर फायटर नव्हती, हे का सोडता? फेब्रुवारी १९४२ मध्ये इंग्लिश खाडीत दिवसाढवळ्या ६ स्वोर्डफिश जर्मन फायटरच्या समोर गेली, एकही परत आलं नाही, १८ माणसांतली ५ वाचली. एक्सटीबीजीचं पण मिडवेला हेच झालं असतं.

डोलकाठी: मग डेव्हास्टेटरने तरी वेगळं काय केलं? बरोबर फायटर नसली तर एक पंखी काय नि दोन पंखी काय.

सुकाणू: नेव्हीने १९३६ मध्ये निवड केली, १९४२ कोणाला दिसत होतं? समोर दोन विमानं, एक नीट उडतंय, दुसरं वळवळतंय. आणि ग्रेट लेक्स १९३६ मध्ये बंदच पडली, म्हणजे सुधारायला वेळ दिला असता तरी सुधारणार कोण होतं ते सांगा.

डोलकाठी: ऑर्डर मिळाली असती तर कंपनी टिकली असती, आधी त्यांचंच बीजी-१ बॉम्बर विमान नेव्हीने घेतलं होतं की.